ओव्हनची काच फुटली म्हणून अख्खा ओव्हन टाकायचा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याला चरईत राहते आणि गेली बारा वर्षं घरून नानकटाई, केक, नाचणीची बिस्किटं अशा ऑर्डर घेते. धंदा मोठा नाही, पण घरातल्या त्या एका ओव्हनवर माझे महिन्याचे पैसे येतात, त्यामुळे त्याला काही झालं की माझा जीव खालीवर होतो. पत्र लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मागच्या मंगळवारी दुपारी ओव्हनच्या दाराची काच फुटली. ओव्हन बंद होता, गार होता, मी बाहेरच्या खोलीत डबे पुसत बसले होते आणि आतून असा आवाज आला की कोणीतरी तांदळाचं पोतं फरशीवर ओतलंय. जाऊन बघते तर दार जागच्या जागी, फ्रेम शाबूत, आणि काचेचा एकही मोठा तुकडा नाही, सगळी खडीसाखर होऊन ओट्यावर आणि खाली पायपुसण्यावर. ही टफन काच अशीच फुटते म्हणे, तिला साधा तडा जात नाही, कडेला कधीतरी ट्रे आपटलेला असतो, तो घाव ती धरून बसते आणि मग कितीतरी दिवसांनी एकदम सगळीच्या सगळी मोकळी होते.

श्रावण चालू आहे, गणपती तोंडावर आलेत. कोकणात जाणारी मंडळी जाताना नानकटाईचे डबे घेऊन जातात, माझ्याकडे त्या आठवड्यात बेचाळीस डब्यांची ऑर्डर आहे. म्हणून लगेच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही रड एका कंपनीची नाहीच आहे. दोन दिवसांनी माणूस आला, व्हिजिट चार्ज साडेचारशे आधीच घेतला, ओव्हन पुढे ओढला पण नाही, मागे हात घालून स्टिकरचा फोटो काढला आणि म्हणाला, मॅडम हे मॉडेल बंद झालंय, नुसती काच येत नाही, अख्खं दार येतं, आणि ते पण आता येत नाही, आलं असतं तरी साडेतीन हजार पडले असते, त्यापेक्षा नवीन घ्या, एक्सचेंजमध्ये ह्याचे पाचशे मिळतील.

मी म्हटलं ठीक आहे, पार्ट येत नाही हे मॉडेल नंबर टाकून लिहून द्या. तर म्हणाला, असं लिहून देता येत नाही, सिस्टममध्ये तसा ऑप्शनच नाही. मग तो गेला आणि मी जॉब शीट चष्मा लावून नीट वाचली, तिथे शेरा होता, "कस्टमर नॉट इंटरेस्टेड इन रिपेअर".

संपादक साहेब, हे पत्र मी त्या एका ओळीसाठी लिहितेय. मी स्वतः फोन केला, दोन दिवस वाट बघितली, पैसे दिले, लिहून मागितलं, आणि कागदावर काय राहिलं, तर बाईला रिपेअर नको होती. उद्या कोणी त्या कंपनीला विचारलं की तुमचे लोक जुनं दुरुस्त का नाही करत, तर त्यांच्याकडे असे हजारो कागद असतील आणि ते म्हणतील ग्राहकालाच नवीन हवं असतं. दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं हा निर्णय आपण आपल्या स्वयंपाकघरात घेतो असं आपल्याला वाटतं, पण तो आधीच कुठेतरी दुसरीकडे होऊन आलेला असतो, आपल्यासमोर फक्त सही करायला ठेवतात.

घरचे पण म्हणतायत घे नवीन. मुलगा म्हणाला आई तो २०११ चा आहे, चौदा वर्षं काढली, अजून किती काढायची, सेल चालू आहे, मी घेतो ना तुला ईएमआयवर. प्रेमाने म्हणतोय, मला कळतं. पण चौदा वर्षं म्हणजे ओटीजीचं, म्हणजे ह्या ओव्हन-टोस्टर-ग्रिलचं, म्हातारपण असं कोणी ठरवलं? मी माझा ओव्हन दोनदा उघडलेला बघितलाय, जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत एक मिक्सर-गिझर रिपेअरवाले मामा आहेत त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून, आणि खरं सांगते, आत काहीच नसतं हो. वर दोन तापणारे रॉड, खाली दोन रॉड, तापमान सांभाळणारा एक थर्मोस्टॅट, एक टायमर, वर-खाली निवडायचा एक स्विच आणि पाच-सहा वायरी. फ्रिजला कॉम्प्रेसर असतो, गॅस असतो, वॉशिंग मशीनला मोटर, पट्टा, पंप, ह्यात रोटिसरीची, म्हणजे आतली सळई फिरवायची, बारकी मोटर सोडली तर फिरणारं काही नाही, झिजणारं जवळजवळ काही नाही. जे जातं ते एकेक करून जातं, आणि जे गेलं ते बदललं की ओव्हन परत पहिल्यासारखा.

पहिल्यांदा २०१६ ला बिघडला. नानकटाई वरून मस्त बदामी आणि उलटी केली की बूड पांढरंफटक, ओलसर, बोट लावलं की पीठ चिकटत होतं. मला वाटलं तूप जास्त झालं, मग वाटलं रवा जाड आला, दोन घाणे वाया घालवले. मामांनी मागचा पत्रा काढला, मीटरच्या दोन पिना खालच्या एका रॉडच्या टोकांना लावल्या तर आकडा आला, दुसऱ्याला लावल्या तर काहीच नाही. म्हणाले ताई, खालचे दोन रॉड एकामागे एक जोडलेत, एकाची तार आत तुटली की दुसरा चांगला असून पण गार पडतो, जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेसारखं. रॉडची जोडी आणि मजुरी मिळून सातशे रुपये. त्या दिवशी सर्व्हिस सेंटरकडे गेले असते तर काय सांगितलं असतं ते आता कळतंय.

दुसऱ्यांदा लॉकडाऊननंतर, २०२१ ला. ह्यावेळी प्रकार वेगळा, केक मधोमध बसायला लागले. ओव्हनचं थर्मामीटर घेऊन आत टांगलं, बटण १८० वर आणि आत जेमतेम १५०. थर्मोस्टॅट म्हातारा झाला होता. तो मामांकडे नव्हता, ते स्वतः लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आले, साडेआठशे घेतले. म्हणजे चौदा वर्षांत ह्या ओव्हनवर माझे दीड हजार गेलेत, टायमरची कळ आणि एक वायर बदलली ते धरून फार तर दोन हजार. एवढ्याच लिटरचा नवीन आज नऊ-दहा हजारांच्या खाली नाही.

आता लोक म्हणतात नवीन घेतला की लाइट बिल वाचतं. फ्रिजचं ते खरं आहे, एसीचं खरं आहे, वीस वर्षं जुना फ्रिज जपून ठेवण्यात शहाणपण नाही हे मी पण मानते. पण ओटीजीत वीज तारेतून जाते आणि तिची उष्णता होते, बस, नव्या तारेतून काही वेगळी उष्णता निघत नाही. दार नीट बंद होत असेल आणि फटीतून वाफ जात नसेल तर जुना आणि नवा सारखीच वीज खातात. २००० वॉटचा ओव्हन सलग तासभर पूर्ण तापत राहिला तरी २ युनिट, आणि तो सलग तापत नसतोच, थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो म्हणून कमीच लागतात.

आणखी एक गोष्ट पावसाळ्याची, जी आपल्या खाडीकाठच्या गावांत जास्त होते. ओव्हन दोन-तीन महिने वापरला नाही, जुलै-ऑगस्टमध्ये काढला, चालू केला आणि फाटकन घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडला, की लोक म्हणतात शॉर्ट झाला, गेला, काढून टाका. रॉडच्या आत तारेभोवती एक पांढरी पावडर दाबून भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड, ती हवेतली ओल धरते आणि थोडा करंट बॉडीकडे झिरपतो, तेवढ्याने पण ईएलसीबी पडतो कारण तो त्यासाठीच बसवलेला असतो. मामा अशा वेळी रॉड काढून सुकवतात, मेगर, म्हणजे करंट झिरपतोय का ते दाखवणारं मीटर, लावून बघतात आणि बऱ्याच वेळा तोच रॉड परत बसवतात. माझ्याच बिल्डिंगमध्ये एकीने ह्या कारणासाठी चार वर्षांचा ओव्हन भंगारात दिला, मला नंतर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. आणि ईएलसीबी पडतो म्हणून तो काढून साधी वायर जोडायची असले प्रकार कोणी सुचवले तर त्या माणसाला घरात घेऊ नका. प्लगचं पण तेच, २००० वॉटला पावणेनऊ अँपिअर लागतात, तो १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावायचा, मल्टिप्लगमध्ये लावून प्लग वितळला की दोष ओव्हनला देतात.

सगळंच दुरुस्त करा असं मी म्हणत नाहीये हे पण लिहिते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल ही बाई जुन्याला चिकटून बसलीये. माझी धाकटी बहीण नेरूळला असते, तिचा मायक्रोवेव्ह. सहा वर्षांपूर्वी आत ठिणग्या उडायला लागल्या, ती घाबरली, टाकूनच देणार होती. आतल्या बाजूला भिंतीवर एक अभ्रकाचा पत्रा असतो, मायका शीट म्हणतात, त्याच्यावर तेल-मसाल्याचे शिंतोडे बसून तो जळला होता, दीडशे रुपयांत नवीन कापून बसवला आणि मायक्रोवेव्ह पाच वर्षं चालला. मग गेल्या वर्षी मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, गेला, आणि त्याच वेळी दिसलं की दाराच्या कडेला आतला पत्रा गंजून भोक पडायला आलंय आणि दार पण ढिलं बंद होतंय. तेव्हा मीच तिला सांगितलं की आता सोड. मायक्रोवेव्हचं दार ही गंमत नाही, लहरी आतच राहाव्यात म्हणून ते घट्ट लागावं लागतं, त्याला दार उघडताच मशीन बंद करणारे स्विच त्याचसाठी असतात. आणि तो घरी उघडायचा पण नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा साठा राहू शकतो, माणूस जाऊ शकतो. तसंच ओटीजीची बॉडी गंजून अर्थिंग धरत नसेल, आतल्या सगळ्या वायरींचं आवरण कडकडीत होऊन तुटत असेल, हात लावला की झिणझिण्या येत असतील आणि अर्थिंग तपासून पण त्या जात नसतील, तर मी स्वतः म्हणेन नवीन घ्या. माझा तसा नाहीये. माझ्या ओव्हनची फक्त काच फुटलीये.

एक हिशोब सगळीकडे सांगतात, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर गेला की नवीन घ्यायचं. ऐकायला बरोबर वाटतं, मी पण तो बरीच वर्षं धरून चालत होते. पण आता विचार करा, काचेचा भाव कोण ठरवतं? कंपनी. नुसती काच विकायची नाही, काच-फ्रेम-हँडल-बिजागरी मिळून अख्खं दार विकायचं हे कोण ठरवतं? कंपनी. म्हणजे सहाशेच्या काचेचे साडेतीन हजार केले, त्यात व्हिजिट चार्ज आणि मजुरी घातली की तो आपोआप निम्म्याच्या जवळ जातो आणि मग आपण शहाण्यासारखी मान हलवतो, की हो, आता परवडत नाही.

मी लहान असताना आमच्याकडे गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला मधोमध वाटीएवढी काच, आत डोकावायला. अनेक वाचकांच्या घरी असेल. त्याच्या आधी दिवाळीला आई पीठ मळून, नानकटाया थापून बेकरीत न्यायची, पत्र्याच्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि भट्टीसमोर बायकांची रांग असायची. मग बाबांनी बोनसमध्ये तो गोल ओव्हन आणला. बाबा वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची, तेव्हा तिथे गल्लीगल्लीत खराद आणि प्रेस चालायचे, आता काचेच्या बिल्डिंगा आहेत. त्या ओव्हनच्या झाकणाची बिजागरीची पिन झिजली तर बाबांनी डब्याच्या पिशवीतून ती जुनी पिन नेली आणि दुसऱ्या दिवशी नवीन खरादून आणली, करंगळीएवढी, चकचकीत, टोकाला छोटी कॉलर ठेवलेली म्हणजे सटकायला नको. कॉइल तीनदा बदलली असेल. तो ओव्हन एकोणीस वर्षं चालला, माझ्या लग्नाच्या रुखवतातली नानकटाई त्याच्यातलीच होती. बाबा कधी म्हणाले नाहीत की मी फार मोठं काही केलं. वस्तू उघडता येत होती, स्क्रू होते, म्हणून केलं.

आता दुकानात जाऊन ओव्हन मागून बघा. मी परवा गोखले रोडवर आणि स्टेशनजवळ मिळून तीन दुकानांत गेले, सेल्समनला म्हटलं फिरवून दाखवा. एकाला मागे साधे स्क्रू होते. एकाला सगळे रिव्हेट ठोकलेले, म्हणजे उघडायचं तर ड्रिल मारून फोडायचं. तिसऱ्याला चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू, घरातल्या पान्याने उघडणार नाहीत. मी तिघांना विचारलं रॉड गेला तर केवढ्याला पडेल, पार्ट किती वर्षं मिळेल. एकालाही सांगता आलं नाही. मुलं बिचारी चांगली होती, त्यांना कोणी शिकवलेलंच नाही, त्यांना एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला शिकवलंय.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि गाड्या अशी चार क्षेत्रं धरली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, पोर्टल पण सुरू केलं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी वेगळी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिचा रिपोर्ट आला, त्यात सुचवलंय ते असं. वस्तू उघडायला किती सोपी, पार्ट मिळतात का, केवढ्याला, किती दिवसांत, दुरुस्तीची माहिती देतात का, ह्यावर वस्तूला मार्क द्यायचे आणि ते दुकानात, ऑनलाइन आणि बॉक्सवरच्या क्यूआर कोडमध्ये दिसले पाहिजेत. किती चांगली गोष्ट आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून असे १० पैकी मार्क लावतात, पहिल्या यादीत मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायचं मशीन होतं. पण आपल्याकडे पहिला नंबर लावायचा म्हटलाय तो मोबाइल आणि टॅबलेटचा. मोबाइल लोक तसाही तीन-चार वर्षांत बदलतात. मिक्सर, ओव्हन, गिझर, ह्या वस्तू बायका पंधरा-पंधरा वर्षं वापरतात, त्यांचा नंबर कधी लागणार? माझी मागणी साधी आहे, स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या बॉक्सवर पार्ट किती वर्षं मिळतील ते छापा आणि चार-पाच मुख्य पार्टांचे भाव छापा. रॉड, थर्मोस्टॅट, टायमर, काच. एमआरपी छापता ना, तसंच.

आणि तोवर वाचकांनी एक करावं असं मला मनापासून वाटतं. सर्व्हिसवाला पार्ट येत नाही म्हणाला की ते लिहून मागा, पार्टचं नाव आणि मॉडेल नंबर टाकून, आणि जॉब शीटवर सही करण्याआधी शेरा वाचा. मी घाईत वाचला नाही, ती माझी चूक, तुम्ही करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणजे काय ते सांगताना मुद्दाम माहिती दडवणं पण धरलंय. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मी काल त्याच्यावर तक्रार नोंदवली, शेरा बदलून द्या आणि पार्ट नाही हे लेखी द्या एवढीच मागणी ठेवली, पैसे परत मागितले नाहीत.

एक्सचेंजमध्ये दिलेल्या ओव्हनचं पुढे काय होतं ते पण मला कळत नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, विकणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकलीये. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर मी ओव्हन आणि मायक्रोवेव्ह हातोडीने फोडताना बघते, पत्रा आणि तांबं एका गोणीत, उरलेलं तिथेच गटाराच्या कडेला. दिवा गावातल्या कचऱ्याच्या डम्पिंगशेजारी लोकांनी किती वर्षं काय सोसलं ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. चालू स्थितीतला ओव्हन एका काचेसाठी त्या गोणीत जावा हे मला बघवत नाही.

मामांबद्दल पण लिहायचंय. वय सत्तरच्या पुढे. दुकान म्हणजे सहा बाय आठ, वर लटकलेल्या मिक्सरच्या भांड्यांमुळे वाकून आत जावं लागतं. त्यांनी मला एकदा दाखवलं होतं की ओव्हनच्या आत वायर जोडताना सोल्डर का चालत नाही, उष्णतेने वितळतं, तिथे लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबूनच बसवावा लागतो, आणि वायर पण साधी नाही, काचतंतूचं आवरण असलेली लागते. म्हणाले नवीन पोरं साधी वायर टाकतात, दोन महिन्यांत जळते, मग गिऱ्हाईक म्हणतं रिपेअर टिकत नाही. त्यांचा मुलगा बँकेत आहे, चांगलं झालं, पण हे दुकान त्यांच्यामागे बंद होणार हे त्यांना आणि मला दोघांना माहीत आहे. आयटीआयमध्ये मुलं इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडतात, त्यांना वर्षातून एक महिना अशा मामांकडे बसवलं आणि मामांना त्याचे पैसे दिले तर महापालिकेला काही जड नाही. स्टेशन परिसरात अशा दुकानांची रस्ता रुंदीकरणात जागा गेली तर पर्यायी गाळा देताना पण ह्याचा विचार व्हावा.

तर काचेचं. मंगळवारी फुटली, शुक्रवारी सकाळी मी दाराची रिकामी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षाने मामांकडे नेली. ते म्हणाले ताई, साधी काच बसवून घेऊ नका कोणी कितीही म्हटलं तरी, तापली की तडकेल, टफनच हवी. आणि टफन काच नंतर कापता येत नाही, भोक पण पाडता येत नाही, आधी मापात कापून, हँडलची दोन भोकं पाडून, मग भट्टीत घालून टफन करतात, म्हणून माप चुकलं की काच वाया. त्यांनी स्वतः फुटपट्टीने तीनदा माप घेतलं, साडेसोळा बाय साडेदहा इंच, जाडी ५ एमएम, जुन्या काचेचा एक दाणा मी डबीत नेला होता त्याच्यावरून जाडी जुळवली, आणि वागळे इस्टेटमधल्या एका काचवाल्याला फोन करून ऑर्डर दिली. सहाशे वीस रुपये, भोकांचे वेगळे साठ. बुधवारी संध्याकाळपर्यंत येईल म्हणालेत. गुरुवारी बसवून, एकदा रिकामा ओव्हन २०० वर अर्धा तास तापवून बघायचा आणि शुक्रवारपासून मी बेचाळीस डब्यांना लागणार आहे.

आपली,
एक वाचक
चरई, ठाणे पश्चिम